दर सेकंदाला ४.९४

वैजयंती निकमचा हात थरथरतो, हे पहिल्यांदा गाडीने सांगितलं.

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, सिन्नरच्या पुढच्या काँक्रीटच्या महामार्गावर. गाडी ओरेलिया कंपनीची, दोन दारांची, विजेवर चालणारी. कंपनीने ती दोन रूपांत आणली होती: पक्क्या टपाची कूपे आणि चौदा सेकंदांत कापडी छप्पर मागे गुंडाळून ठेवणारी कन्व्हर्टिबल. कूपे चालवून झाली होती. कन्व्हर्टिबलचा हा पहिला दिवस. छप्पर उघडं होतं, ऊन कोवळं होतं, आणि समोरच्या पडद्यावर एक पिवळी पट्टी आली.

"चालकाच्या हातात संथ कंप आढळला. दर सेकंदाला ४.९४. मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्या."

शेजारी मांडीवर वही घेऊन बसलेल्या इक्बालभाई तांबोळींनी ती वाचली आणि घाईघाईने वहीत मान घातली.

"ताई, मघाचा तो स्पीडब्रेकर. पोट घासलं का नाही? काय लिहू?"

"इक्बालभाई, तुम्ही वाचलंत."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"चष्मा डोळ्यांवर आहे तुमच्या."

वैजयंतीने वेग कमी केला नाही. अकरा किलोमीटरचा पट्टा संपायला अजून तीन किलोमीटर होते, आणि मोजणी अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती.

नाशिकच्या एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत ती बावीस वर्षं गाड्यांची परीक्षणं लिहीत होती. गाडी अडीच लाखांची असो की सव्वा कोटीची, तिची पद्धत एकच. हाच अकरा किलोमीटरचा सरळ पट्टा, जाऊन-येऊन चार वेळा, वेग ऐंशी. ऐंशी म्हणजे ऐंशी, एक्याऐंशी नाही. दहा वर्षांपूर्वीच्या गाडीची आजच्या गाडीशी तुलना करायची तर रस्ता आणि वेग तोच हवा, हे तिचं म्हणणं. इक्बालभाई जन्मभर सस्पेन्शनचे फिटर. निवृत्त झाल्यावर तिच्या शेजारच्या सीटवर आले ते तिथलेच झाले. शहर आणि घाट ते चालवायचे, हा पट्टा ती. कारण इक्बालभाईंचा पाय एका वेगावर कधी टिकला नाही. समोर ट्रक दिसला की त्यांना तो मागे टाकावासा वाटे, आणि ट्रक नसला की कंटाळा येई.

ओरेलियाची खरी नवलाई छपरात नव्हती, स्टिअरिंगमध्ये होती. कंपनीने त्या यंत्रणेला 'सोबत' असं नाव दिलं होतं.

प्रत्येक जिवंत हात थरथरतो. निरोगी हाताची थरथर सेकंदाला आठ ते बारा वेळा आणि इतकी बारीक, की सुईत दोरा ओवतानाच जाणवावी. कंपवाताची थरथर संथ असते, सेकंदाला चार ते सहा, आणि हात नुसता टेकवून ठेवलेला असताना ती जास्त दिसते. ओरेलियाच्या स्टिअरिंगवरच्या कातड्याखाली चारशे सेन्सर होते. ते हाताची थरथर टिपत, आणि आतली छोटी मोटर तिच्या उलट दिशेने तितकीच हलून ती पुसून टाकी. त्यामुळे गाडी रुळावर ठेवल्यासारखी सरळ जाई. आता थरथर हाताची कोणती आणि गाडीची कोणती, हे कसं ओळखायचं? त्यासाठी गाडीच्या तळाला आणखी एक सेन्सर होता. स्टिअरिंगच्या हादऱ्यातून तळाचा हादरा वजा करायचा. उरेल तो माणसाचा.

हाताची ओळख पटायला तीनशे किलोमीटर लागत. ती ओळख चालकाच्या मोबाइलमध्ये राही आणि कंपनीच्या कुठल्याही गाडीत बसलं की आपोआप लागू होई. वैजयंतीचे दोनशे ऐंशी किलोमीटर कूपेत झाले होते. उरलेले वीस आज, या उघड्या गाडीत. म्हणून कूपे काही बोलली नव्हती, असंच सगळ्यांनी धरलं. वैजयंतीनेही.

पट्टी मोबाइलवर आली तशी नियमाप्रमाणे विमा कंपनीकडेही गेली. एकवीस दिवसांत डॉक्टरचं निःशंक प्रमाणपत्र मिळालं नाही, तर चाचणीच्या गाड्या तिला चालवता येणार नव्हत्या. पुढे कधीच.

दुपारी तिने कंपनीच्या पुण्याच्या तंत्रकेंद्रात फोन लावला. मिताली वेर्णेकर नावाची अभियंता बोलली. आवाज अदबीचा होता.

"मॅडम, वाईट वाटतंय सांगायला. पण 'सोबत' सहसा चुकत नाही. उलट डॉक्टरांच्या चार-पाच वर्षं आधी पकडते. तुमच्याबरोबरच्या सरांचे तीनशे किलोमीटर आजच पूर्ण झालेत, त्याच गाडीत. त्यांची पट्टी हिरवी आहे."

इक्बालभाईंना आपल्या हिरव्या पट्टीची इतकी लाज वाटली, की ते चहाला न थांबता निघून गेले.

घरी श्रीरंगने सगळं ऐकून घेतलं. तो कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचा आणि घरातला चहा तोच करायचा. त्या संध्याकाळी त्याने चहा आणून ठेवला. वैजयंतीने कपात पाहिलं.

"अर्धाच?"

"दूध कमी होतं."

"श्रीरंग, दूध फ्रिजमध्ये एक लिटर आहे. सांडेल म्हणून अर्धा भरलास."

"अगं, तसं नाही…"

"तसंच आहे. आईने अण्णांना असाच द्यायला सुरुवात केली होती."

अण्णा म्हणजे तिचे वडील. एसटीत ड्रायव्हर, नाशिक-धुळे. त्यांना कंपवात झाला तेव्हा त्यांनी चौदा महिने कुणाला कळू दिलं नव्हतं. स्टिअरिंग घट्ट धरलं की हात हलत नाही, एवढ्यावर गाडी हाकली. अपघात झाला नाही. पण निवृत्तीनंतर एकदा त्यांनी स्वतःच तिला सांगितलं होतं, की त्या चौदा महिन्यांत रोज चव्वेचाळीस माणसं मागे बसायची आणि एकालाही मी विचारलं नाही. पुढे अकरा वर्षं ते आजाराशी झगडले. तिला ती अकरा वर्षं आठवत होतीच, पण त्या क्षणी जास्त आठवले ते चौदा महिने.

श्रीरंगने कप उचलला, आत नेला, काठोकाठ भरून आणला. आणताना त्याच्याच हातून थोडा बशीत सांडला.

"बघ," तो म्हणाला, "मला पण ने डॉक्टरकडे."

ती हसली. पण कप तिने दोन्ही हातांनी धरला, आणि तसा धरला हे दोघांच्याही लक्षात आलं.

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बोथरांनी तिला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोगलगाईसारखं वर्तुळ काढायला लावलं.

"मला काही दिसत नाही," ते म्हणाले.

"मग तसं लिहून द्या."

"मला दिसत नाही असं देतो. नाहीच आहे असं कसं देऊ? अहो, गेल्या वर्षी एका पेशंटला मी ठणठणीत म्हणालो. त्याच्या घड्याळाने कंप सांगितला होता. आठ महिन्यांनी घड्याळ बरोबर निघालं. तेव्हापासून मी यंत्रांशी भांडत नाही. सहा महिन्यांनी या." त्यांनी तिच्या मोबाइलवरचा आलेख पुन्हा जवळ घेतला. "पण एक सांगू? इतका शिस्तीचा कंप मी बघितला नाही. माणसाचा कंप जरा भरकटतो. चार पॉइंट सात, मग पाच पॉइंट एक. हा म्हणजे… तबलजीच्या मात्रेसारखा."

"मी शिस्तीचीच आहे," वैजयंती म्हणाली.

"ते दिसतंय," डॉक्टर म्हणाले, आणि प्रमाणपत्राचा रकाना रिकामा ठेवला.

इक्बालभाई रविवारी आले. बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "ताई, एक उपाय आहे. मोबाइल माझा लावायचा, पट्टी माझी येणार, हिरवी. स्टिअरिंगला तुम्ही बसायचं. कुणाच्या बापाला कळतंय?"

"माझ्या बापाला कळलं असतं," ती म्हणाली.

इक्बालभाईंना अण्णांची गोष्ट माहीत होती. ते खाली बसले. "मग मी पण सोडतो. तुमच्याशिवाय कुणाला शिव्या घालायच्या गाडीत?"

"सोडायचं नंतर. आधी हातातलं परीक्षण संपवू. शनिवारी एक जागा रिकामी गेली, दुसरी जाणार नाही."

गाड्यांच्या मोजण्या झालेल्या होत्या. चालवायचं काही नव्हतं, फक्त लिहायचं होतं. पुढच्या बुधवारी सकाळी ती बसली. आधी कूपे. किंमत एक कोटी अठरा लाख. कन्व्हर्टिबल सोळा लाखांनी महाग. कूपेच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा मावतात, उघड्या गाडीत छप्पर गुंडाळलं की एक, तीही मऊ हवी. फेब्रुवारीच्या दुपारी उभी ठेवलेली काळ्या कापडाची कन्व्हर्टिबल आतून एक्केचाळीस अंशांवर गेली, कूपे छत्तीसवर थांबली. शहरातल्या तेवीस स्पीडब्रेकरांपैकी चारांवर दोघींचं पोट घासलं. गाडी तिरकी घेतली तर दोनांवर. उघड्या गाडीत सिग्नलला थांबलं की शेजारचा रिक्षावाला किंमत विचारतो. हे गुण की दोष, ते ग्राहकाने ठरवावं.

मग ती महामार्गावर आली. तिने लिहिलं: काँक्रीटच्या सांध्यांवर कूपे एकदाही तक्रार करत नाही.

काँक्रीटचा रस्ता सलग नसतो. तापून फुगायला जागा हवी म्हणून तो फरश्यांसारखा तुकड्यातुकड्यांत असतो, आणि दोन तुकड्यांमध्ये बारीक सांधा. ग्राहकाला अंदाज यावा म्हणून किलोमीटरला किती सांधे लागतात, ते द्यावं असं तिला वाटलं. आकडा अंदाजाने टाकायचा नाही, हा तिचा नियम. तिने इक्बालभाईंना फोन लावला.

"आपल्या पट्ट्यावर काँक्रीटचा एक तुकडा किती लांब आहे?"

"साडेचार मीटर. टेप लावून बघितलाय. गेल्या साली पंक्चर झालं होतं, तुम्ही फोनवर होता, मला उद्योग नव्हता."

"नक्की?"

"ताई, साडेचार म्हणजे साडेचार. तुमच्याकडूनच शिकलो."

तिने मांडलं. हजार भागिले साडेचार: किलोमीटरला दोनशे बावीस सांधे. बरं. ऐंशीच्या वेगाला तासाला सतरा हजार सातशे अठ्ठ्याहत्तर. भागिले तीन हजार सहाशे.

कॅल्क्युलेटरवर आकडा आला. ४.९३८. म्हणजे ४.९४.

तिने भागाकार पुन्हा पहिल्यापासून केला. फोन चालूच होता.

"ताई? आहात का?"

"इक्बालभाई, उद्या सकाळी आठ वाजता. चालवणार तुम्ही. वही मी घेणार."

आकडा जुळला म्हणजे गोष्ट खरी ठरली असं नसतं, हे बावीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून श्रीरंगलाही तिने इतकंच सांगितलं, की एक मोजणी राहिलीय. तो म्हणाला, मी येणार. या गाडीत मागे बसायला जागा नाही, असं तिने बजावलं. तो तरी बसला. गुडघे हनुवटीला लागले.

"मागच्या सीटवर मोठा माणूस बसू शकतो," ती वहीत लिहिता लिहिता म्हणाली, "उठू शकतो का, ते सिन्नरला कळेल."

पट्टा सुरू व्हायच्या आधी तिने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि वहीत तीन ओळी लिहिल्या. वही मागे श्रीरंगच्या हातात दिली.

"वेग साठ असेल तर ३.७०. ऐंशी असेल तर ४.९४. शंभर असेल तर ६.१७," त्याने वाचलं. "हे काय आहे?"

"हे तीन आकडे इक्बालभाईंच्या हातात आले, तर मला कंपवात नाही. कारण आजार स्पीडोमीटर बघत नाही. बघतो तो रस्ता."

"आणि नाही आले तर?"

"तर मला आहे. वही बंद कर आणि घट्ट धर."

इक्बालभाईंना वेग आपोआप एकसारखा ठेवणारा क्रूझ कंट्रोल लावायचा मनस्वी तिटकारा होता. त्यांच्या मते ते बैलगाडीत झोपण्यासारखं. आज त्यांनी तो निमूटपणे ऐंशीवर लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर नुसते टेकवले आणि समोर एक उसाचा ट्रॅक्टर दिसल्यावर खालचा ओठ दाताखाली धरला. लेन बदलली, वेग नाही. छप्पर उघडं होतं. चाकांखाली सांध्यांचा आवाज येत होता, एकसारखा, मऊ. गेली बावीस वर्षं तो येतच होता. पंख्याचा यावा तसा.

आठव्या किलोमीटरला पिवळी पट्टी आली.

"चालकाच्या हातात संथ कंप आढळला. दर सेकंदाला ४.९४."

"या अल्ला," इक्बालभाई म्हणाले. "मला पण झाला!"

"पुढे बघा. साठवर आणा."

साठवर पट्टी आली नाही, कारण चारच्या खालचा किंवा सहाच्या वरचा कंप 'सोबत' आजारात धरत नाही. पण मोबाइलवरच्या आलेखात आकडा होता: ३.७०. शंभरवरही पट्टी नव्हती, आकडा होता: ६.१७.

श्रीरंगने तो आकडा मोठ्याने वाचला, मग वहीतला वाचला, मग पुन्हा मोबाइलवरचा. इक्बालभाईंनी गाडी बाजूला घेतली. वैजयंतीने आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते थरथरत होते. चांगलेच.

"हे आता काय?" श्रीरंग घाबरून म्हणाला.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "हे चालेल."

आणि ती रडली. दोन मिनिटं, फार तर तीन. इक्बालभाई उगाच खाली उतरून टायर बघत राहिले. श्रीरंगला उतरायचं होतं, पण त्याला खरोखरच उठता येईना.

परत येताना इक्बालभाईंनी उलगडा केला, फिटरच्या भाषेत. "बुटाचं खोकं घ्या. झाकण असताना पिळा, पिळत नाही. झाकण काढून पिळा. ही बिनटपाची तशीच. सांध्यावर तळ एकीकडे हलतो, डॅशबोर्ड दुसरीकडेच हलतो. आणि स्टिअरिंग डॅशबोर्डाला बांधलंय." कूपेत तळ आणि स्टिअरिंग एकत्र हलत होते, वजाबाकी शून्य येत होती. उघड्या गाडीत काहीतरी उरत होतं. उरेल तो माणसाचा, असं यंत्राला शिकवलेलं होतं.

पण मग इक्बालभाईंची पट्टी आधी हिरवी का आली? कारण एकच ठेका चार मिनिटं अखंड टिकला तरच 'सोबत' नोंद करी. वेग खालीवर झाला की ठेका बदले आणि यंत्र तो सोडून देई. नेहमीची माणसं खालीवर चालवतात. काटेकोरपणे ऐंशीवर अकरा किलोमीटर जाणारी बाई त्या यंत्राने गृहीत धरलीच नव्हती.

"म्हणजे ताई, हा शिस्तीचा रोग," इक्बालभाई म्हणाले. "मी केव्हाचा सांगतोय, थोडी मजा करत जा."

अकरा वाजता तिने मिताली वेर्णेकरला तिन्ही आलेख पाठवले आणि फोन केला. पलीकडे बराच वेळ फक्त कळफलकाचा आवाज येत होता.

"मॅडम," मिताली शेवटी म्हणाली, "वजाबाकीचं गणित आम्ही कूपेवरून उचललं. कन्व्हर्टिबलवर तपासलं होतं, पण… आमचा ट्रॅक डांबरी आहे."

"सांधे नाहीत."

"एकही नाही. तुमची नोंद मी आत्ता रद्द करते. विम्याला पत्र दुपारपर्यंत जाईल. मला माफ करा." पुन्हा कळांचा आवाज आला. "मॅडम, कन्व्हर्टिबल चालवणाऱ्यांत अशा पिवळ्या नोंदी आणखी सात आहेत. सगळ्या क्रूझ कंट्रोलवरच्या. सगळ्या चार पॉइंट पाच ते साडेपाच."

वैजयंती खुर्चीत सावरून बसली. "त्यांना कळवलंत?"

"ईमेल सोमवारी जाईल. मजकूर मंजूर व्हावा लागतो."

"आज गुरुवार आहे. त्यांनी आणखी चार रात्री काढायच्या?"

"माझ्या हातात असतं तर आत्ता फोन लावला असता हो." हे ती खरं बोलत होती. "नावं मी तुम्हाला देऊ शकत नाही."

"नावं नकोत. माझं पान चार वाजता जातं. मी काय छापते, ते तुम्ही आधी ऐका आणि चूक असेल तर सांगा."

परीक्षणाची सुरुवात ती नेहमी किमतीने आणि लांबी-रुंदीने करायची. त्या गुरुवारी तिने तसं केलं नाही. पहिला परिच्छेद विकत घेणाऱ्यांसाठी नव्हताच. ज्यांनी आधीच घेतली होती त्यांच्यासाठी होता. गणित दिलं, तीन वेग दिले, अशा आणखी सात नोंदी आहेत हे सांगितलं, आपला नंबर दिला, आणि घरच्या घरी तपासायची रीत दिली: डांबरी रस्त्यावर त्याच वेगाने जा, कंप नाहीसा होतो का बघा, झाला तर तो तुमचा नव्हता. नाही झाला तर मात्र डॉक्टरकडे जा, यंत्राला दोष देत बसू नका. मितालीने दोन शब्द बदलायला सांगितले. दोन्ही बदल रास्त होते. त्याखाली निवाडा: टपाची घ्या, ती आज तयार आहे. उघडी सुंदर आहे, पण कंपनीने तिची दुरुस्ती काँक्रीटवर करून दाखवेपर्यंत थांबा. पान चारला पाच मिनिटं असताना गेलं.

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला.

"वैजयंती निकम का? मी संगमनेरहून बोलतोय. नमस्कार. मला गाडी घ्यायची नाहीये."

"बरं."

"आहे माझ्याकडे. ती… बिनछपराची." आवाज साठीच्या माणसाचा होता आणि त्याला श्वास पुरत नव्हता. "मी दात बसवतो. डेंटिस्ट. म्हणजे बसवत होतो. नोव्हेंबरपासून दवाखाना बंद केलाय मी, पेशंटच्या तोंडात हात घालायची हिंमत होईना. मी तुमच्या त्या सातांतला आहे बहुतेक."

वैजयंती खुर्ची ओढून बसली.

"बहुतेक म्हणतो, कारण मी अजून नीट वाचलेलं नाही," तो म्हणाला. "पेपर बायकोच्या हातात आहे. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून परत परत पहिल्यापासून वाचतेय, आणि मला देत नाहीये. दुसरा पेपर आणायला जायचं, तर गाडीची किल्लीही तिनेच धरून ठेवलीय. तुम्ही… तुम्हाला वेळ असेल तर सांगाल का, काय लिहिलंय?"

वैजयंतीने श्रीरंगच्या समोरची पुरवणी ओढून घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला सुरुवात केली.